असमान तीर

कृष्णेवर मार्गशीर्षाचे धुके उतरले होते. धवल, मंद, ओलसर. अलीकडचा तीर उंच; काळ्या दरडीचा, बाभळींच्या मुळांनी आवळून धरलेला. पलीकडचा तीर सखल. वाळूचा, कृश, पाण्याच्या रेषेत जवळजवळ मिटून गेलेला. त्या दोन विजोड तीरांच्या मधून नदी चालली होती. युगानुयुगे चालली होती. आधी दोन्ही काठ सारखे करा, मगच वाहीन, असे तिने कधी कुणाला म्हटले नव्हते.

दरडीवरच्या घरात रोज सकाळी याच प्रहरी एक तान्हे मूल किंचाळत असे.

मोरीतल्या बंबातून वाफ उठे. डाळीच्या पिठाचा, सायीचा, कोमट तेलाचा गंध ओसरीपर्यंत येई. गावातल्या साऱ्या बाळांना न्हाऊ घालणारी हौसाबाई पाटावर पाय पसरून बसे, आणि तिच्या भरीव, निबर पोटऱ्यांवर, पानावर वाढलेल्या नैवेद्यासारखी, केतकी पडे. दोन महिन्यांची केतकी. केवड्याच्या गाभ्यासारखी फिकट, नाजूक. कढत पाण्याचा तांब्या. किंकाळी. पुन्हा तांब्या. पुन्हा किंकाळी.

आणि मोरीच्या उंबऱ्याबाहेर, दोन्ही हातांत टॉवेल धरून, हेमलता बसलेली असे. केतकीची आई. जन्म देणारी, दूध देणारी, टॉवेल धरणारी.

“हौसामावशी, थोडं विसण घाला ना. पाणी फार कढत आहे.”

“रडू दे गं. रडल्यानं छाती मोकळी हुती. गार पाण्यानं न्हालेली पोरं लेचीपेची निघत्यात.” आणि मग, हसत, पाण्याइतकेच कढत: “आन् तुला काय ठावं? तू कधी घातलंयस का न्हाऊ?”

नव्हते घातले. घालू दिले नव्हते.

हेमलतेचा उजवा पाय चारचौघींसारखा होता. डावा पोलिओने बालपणीच शोषून घेतला होता; वेतासारखा बारीक, हिवाळ्यात शंखासारखा गार. चालताना ती डाव्या गुडघ्यावर हात टेकवी आणि वाकून, उचलून, पाऊल पुढे टाकी. पण भुईवर बसली की ती कुणाहून उणी नव्हती. तिचे दंड बळकट होते, बोटे अचूक होती. आणि न्हाऊ घालणे हे बसून करायचे काम! त्यात चालायचे नव्हते, धावायचे नव्हते, डोंगर चढायचा नव्हता. फक्त बसायचे होते, पाय पसरायचे होते, आणि आपले मूल आपल्या पायांवर घ्यायचे होते.

“एक पाय ओंडका, एक पाय काडी,” सासूबाई म्हणत. “पोर घरंगळलं म्हंजी, हेमा? देवानं दिलंय तर जपाय नको?”

जपायला! जणू हेमलता त्या मुलाच्या वाटेवरचा एक खड्डा होती, आणि सारे घर त्या खड्ड्याभोवती कुंपण घालत होते.

काल संध्याकाळी कराडहून सुशीला आली होती. हेमलतेची थोरली नणंद. तिच्या आवाजात साखर होती, आणि तिच्या साखरेत धार होती. “केतकीला मी नेते उद्या सकाळच्या गाडीनं. चालाय लागली की आणून सोडीन. तेवढंच हेमाला हलकं.” सासूबाईंनी सुस्कारा सोडला, सुटल्याचा. दिनकरने, हेमलतेच्या नवऱ्याने, ताटातली आमटी भातावर ओढली आणि मान डोलावली. आमटीकडे बघत डोलावली. बायकोकडे बघून डोलवायला जेवढे बळ लागते, तेवढे त्या धडधाकट देहात नव्हते.

रात्रीतच उंबऱ्याशी एक तांबडी पिशवी भरून ठेवली गेली. झबली, टोपडी, दुपटी. मोजून नव्हे, मुक्तहस्ताने. पुष्कळ दिवस पुरतील अशी.

अहो, कुणाचे काय हलके करता आहात? जिच्या पदरात एवढेच एक ओझे आहे, जे तिला सूर्यासारखे हवे आहे, ते उचलून नेता आणि त्याला दया म्हणता? चोर निदान अंधाराची लाज बाळगतो. दया दिवसाढवळ्या येते, चहा पिते, पिशवी भरते, आणि जाताना डोक्यावरून हात फिरवते.

पण या घराला एक गोष्ट ठाऊक नव्हती. बारशाच्या दिवशी ज्या वरवंट्याला कुंची घालून, बाळ म्हणून, पाळण्याखालून-वरून फिरवले होते, तो दगडी, मुका, जड वरवंटा त्यानंतर कितीतरी दुपारी हेमलतेच्या पायांवर न्हाला होता. घर झोपले की ती त्याला तेल चोळी, निसरडा करी, आणि पाणी ओती. तो घरंगळला नाही. कधीच नाही. भरल्या पायाच्या आणि कृश पायाच्या मधे एक खोलगट घळ होती, आणि तो दगड त्या घळीत, पाळण्यात टेकावा तसा, टेकून राही.

आज धुके अजून दाट होते. हौसाबाई अंगणात पान खात होती. सासूबाई पिशवीत बाळगुटीची पुरचुंडी कोंबत होत्या. केतकीला मांडीत घेऊन हेमलता भुईवरून सरकत मोरीत गेली आणि तिने आतून दाराची खालची कडी घातली.

कडीचा आवाज लहान होता. पण साऱ्या घरात तो ऐकू गेला.

“हेमे! आगं काय करतीयास? दार उघड!”

तिने पाय पसरले. घंगाळात कढत पाणी घेतले, विसण घातले, पुन्हा घातले. मग पहिला तांब्या तिने आपल्या डाव्या पायावर ओतला. त्या पायातली हालचाल गेली होती, जाणीव नव्हती गेली. त्या फिकट, गार त्वचेला उष्णतेची सावलीसुद्धा कळे. पाय म्हणाला: अजून नको. तिने विसण घातले. पाय म्हणाला: आता.

मग केतकी त्या घळीत उतरली. एका अंगाला उंच तीर, दुसऱ्या अंगाला सखल. आणि सखल तीरावरून पाणी हळूच निथळत गेले, ना नाकात, ना कानात. ती दचकली. तिने मुठी आवळल्या. मग बोटे एकेक उमलली, आणि तिने डोळे मोठे करून वर पाहिले. वाफेत, अगदी जवळ, टॉवेलावाचूनचे आईचे हात होते.

केतकी रडली नाही.

आणि बाहेर हाहाकार झाला.

“आक्का, पोर रडंना!” हौसाबाईचे पान तोंडातच राहिले. “न्हाताना रडत न्हाई म्हंजी काय खरं न्हाई!”

“पडली का गं? बुडली का गं?” सासूबाईंनी दारावर थापा मारल्या. सुशीलेने मारल्या. दिनकरने खांदा लावला; इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने कशाला तरी खांदा लावला. किंकाळीवर ज्यांनी डोळे मिटले होते, त्यांची शांततेने झोप उडाली. ज्यांना दुःखाचा आवाज खुशालीचा वाटत होता, त्यांना सुखाचा आवाज ओळखता येईना.

हेमलतेने घाई केली नाही. तिने मानेच्या वळीतले पीठ धुतले, काखा धुतल्या, इवल्या टाचा धुतल्या. शेवटचा तांब्या ओवाळून पायांवर सोडला. मग हात लांबवून तिने कडी काढली.

दार उघडले. वाफेमागे चार चेहरे. पुढे तिच्या पायांच्या घळीत, निथळती, गुलाबी, अंगठा चोखणारी केतकी.

हौसाबाईने वाकून घंगाळात बोट बुडवले आणि बोटाकडे पाहत राहिली. उंबऱ्याबाहेर पडलेला टॉवेल सुशीलेने नकळत उचलला होता. तो तिच्या दोन्ही हातांत होता.

“वन्सं,” हेमलता म्हणाली. आवाज उंच नव्हता, आणि त्यात साखर नव्हती. “टॉवेल द्या इकडं. आन् ती पिशवी रिकामी करायला घ्या. पिवळं झबलं वरच आहे.”

मग तांबड्या पिशवीची चेन सरकल्याचा आवाज आला.

मोरीचे पाणी, पिठाने पिवळसर, परसातल्या अळूच्या मुळांशी गेले, तिथून दरडीच्या ओघळीला लागले. खाली धुके विरत होते. उंच तीर उंच होता, सखल तीर सखल होता. आणि त्या दोघांच्या मधून, कुणाला न विचारता, उन्हाला अंग देत, नदी चालली होती.