आईच्या सुरकुत्या आणि बाबांची भट्टी

बाबा तांब्याच्या चकतीवर माणसांचे चेहरे रंगवतात. चकती कोटाच्या बटणाएवढी. तिच्यावर पांढऱ्या काचेचा मुलामा आणि त्यावर चार केसांच्या कुंचल्याने लावलेले, काचेच्याच पुडीचे तेलात खललेले रंग. भट्टीत जाईपर्यंत हे रंग नुसत्या बोटानेही पुसले जातात. एकदा भाजले की जन्माचे. चाळीस वर्षांत बाबांनी अख्ख्या गावाची नाकं रंगवली, आईचं चित्र मात्र काढलं नाही. विचारलं की म्हणायचे, "ती कुठे पळून चाललीय?"

यंदा डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांबद्दल काहीबाही सांगितलं आणि बाबा हट्टाला पेटले. आता आईचं चित्र काढायचं. ते बिघडलं तर भट्टी मोडीत घालायची आणि गप्प घरात बसायचं. बाबा रिकामे घरात, ही कल्पनाच आम्हाला झेपेना. सुट्टीच्या दिवशी हा माणूस स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं रंगांप्रमाणे लावतो.

आई आठ दिवस खिडकीशी बसली. तोंडाचा पट्टा अखंड चालू. बाबांनी भिंगातून बघत एकेक सुरकुती काढली आणि नवव्या दिवशी चकती टेबलावर ठेवून जेवायला गेले. जेवण झाल्यावर भट्टी तापवली, चकती आत घातली, दोन मिनिटांत बाहेर काढली. निवल्यावर पाहतो तर काय, आईचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.

बाबा भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"सुरकुत्या काढल्याचं मला पक्कं आठवतंय," ते म्हणाले. "म्हणजे डोळ्यांबरोबर डोकंही गेलं."

त्यांनी भट्टी बंद केली, एप्रन खुंटीला टांगला. मला रडूच आलं. बाबांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आई दारात उभी होती. भट्टीने घर तापतं, भट्टी वीज खाते, अशी चाळीस वर्षं कटकट करणारी बाई. खरं तर तिने हुश्श करायला हवं होतं. ती हातातलं कोरडं फडकं पिळत राहिली.

"अहो, मी पुसल्या."

"काय पुसलंस?"

"सुरकुत्या. तुम्ही जेवत होतात तेव्हा. काडीला कापूस गुंडाळून."

"सगळ्या?"

"दोन ठेवल्या होत्या. मग म्हटलं, आता दोनच कशाला. इतक्या वर्षांनी माझं चित्र निघत होतं. जरा बरी दिसावी असं वाटलं."

बाबांनी खुंटीवरचा एप्रन काढून पुन्हा बांधला.

"भाजलेल्यावरही परत काढता येतात. बस समोर."

आई खिडकीशी जाऊन बसली. तोंडातून चकार शब्द नाही, आणि कपाळाला घालता येतील तेवढ्या आठ्या घातलेल्या, एकही त्यांच्या नजरेतून सुटू नये म्हणून.