मनगटावरची उमा

शरणबसप्पांनी साठी ओलांडल्यावर गोंदवून घेतलं, आणि तेही बायकोचं नाव! कळंबच्या मोंढ्यात चाळीस वर्षं धान्याची आडत केलेला, शब्द तोलून टाकणारा माणूस. पण महिन्यापूर्वी सोलापुरात उमाबाईंच्या पोटातली गाठ काढली, आठ दिवसांनी तपासणीत ती साधीच, कॅन्सरची नसल्याचं कळलं, आणि हा गडी आतून पार हलला. तुळजापूरला देवीचं दर्शन झाल्यावर उमाबाई बांगड्या भरत बसल्या. तेवढ्यात हे टॅटूच्या दुकानात शिरले आणि डाव्या मनगटाच्या वर 'उमा' काढून घेऊन आले. सकाळी पूजेला तळहातावर इष्टलिंग घेतलं की नाव समोर दिसावं, एवढीच इच्छा. उमाबाई आधी लाजल्या, मग चिडल्या आणि परतीच्या एसटीत त्यांनी तीनदा चोरून त्या हाताकडं बघून घेतलं.

टॅटूवाल्या बिरूनं बजावलं होतं, दिवसातून दोनदा साबणानं अलगद धुवा, टिपून कोरडं करा, मलम पातळ लावा. ऊन-धूळ लागू देऊ नका, खाजवायचं नाव काढू नका, खपली आपोआप पडेल. शरणबसप्पांनी सगळं पाळलं. तुरीच्या पोत्यांची धूळ नको म्हणून मोंढ्यात लांब बाहीचा सदरा घातला. फक्त इबूतीचं, म्हणजे पूजेच्या भस्माचं, बिरू काही बोलला नव्हता, आणि विचारावं असं ह्यांनाही सुचलं नाही. पूजेला बसताना कपाळावर, दंडावर, मनगटावर इबूतीचे तीन पट्टे ओढायचे, ही लहानपणापासूनची सवय. ओल्या मलमावर रोज राख बसत गेली.

पाचव्या दिवशी तिथं करडी, जाड खपली धरली, कडा लाल झाल्या आणि खाजेनं जीव नकोसा केला. सदरा काढताना खपलीचा तुकडा बाहीला चिकटून आला, तर त्यात काळा रंग! शरणबसप्पांनी हात उजेडात धरला. 'उ'च्या जागी नुसतं धूसर, लालसर कातडं. नाव पुसलं म्हणजे... पुढचं त्यांनी मनातही म्हटलं नाही. दवाखान्यातली सगळी भीती पुन्हा मानगुटीवर बसली. आणि महादेवाच्या राखेनंच ते नाव पुसावं!

दोन दिवस बाही ओढून ओढून फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना ती वर सरकलीच. उमाबाईंनी हात धरला.

"अहो, हे काय? इबूत लावायलात व्हय ह्याच्यावर?"

"सवयीनं लागली गं."

"आन् मला सांगायचं न्हाय?"

"तू आत्ता कुठं बरी व्हायलीस. तुला कशाला घोर?"

"माझे टाके खाजायचे तवा माझे दोन्ही हात धरून कोण बसत होतं? उठा."

उमाबाईंनी कोमट पाण्यानं त्यांचा हात धुतला, स्वच्छ कापडानं टिपला, बोटाच्या टोकानं मलम लावलं. "उद्यापासून ह्या मनगटाला इबूत न्हाय. महादेव रागावत न्हाय एवढ्यानं. आन् लाली वाढली तर मुकाट डॉक्टरकडं चलायचं."

लाली वाढली नाही. चार दिवसांत उतरली. सोमवारी सकाळी उमाबाई हात धूत होत्या आणि उरलेली खपली पाण्याबरोबर निघून गेली. शरणबसप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"बघा की."

"तूच सांग. हाय का?"

"हाय. 'उ' जरा फिका पडलाय, पण हाय."

त्यांनी डोळे उघडले. नवीन, चकचकीत कातडीवर दोन्ही अक्षरं होती. केवढा मोठा श्वास सुटला त्यांचा! ते तिथंच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले.

"मला वाटलं, नाव गेलं की तू बी..." साठी ओलांडलेला माणूस ओल्या हातानं तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागला.

उमाबाई शेजारी टेकल्या. गप्प करायला गेल्या नाहीत.

"रडा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात आठ दिवस माझ्यापुढं नुसते हसत होता तुम्ही. मला काय कळत नव्हतं व्हय?"