पुकामायूच्या पाण्यातलं तांबं

त्या रविवारी पुकामायूच्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीपाशी अख्खं गाव लोटलं होतं. खाणीतून झिरपणाऱ्या लालभडक पाण्यात गावोगाव फिरून दुखणी बरी करणाऱ्या कासियानोने लोखंडी खिळा बुडवला, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला आणि खिळा वर काढला, तो तांब्याचा!

"देवाच्या कुमारी मातेचं रक्त आहे हे! इथे लोखंडाचं तांबं होतं, तिथे तुमच्या दुखण्याची काय कथा? पण शंका घेणाऱ्याला गुण यायचा नाही हं!"

पळवाट त्याने आधीच करून ठेवली होती. आम्ही मात्र हात जोडून उभे. बासिलिया आजीने नातीच्या, रेमिखियाच्या, चिपडांनी चिकटलेल्या डोळ्यात ते पाणी घातलं. पोर किंचाळली.

"पाप जळतंय," कासियानो म्हणाला.

"पाप नाही, डोळा जळतोय!" गर्दी सारत शाळेच्या होविता बाई आल्या. कुणाची तरी किटली हिसकावून त्या चांगल्या पाण्याने डोळा धूत राहिल्या. मग शाळेची लोखंडी किल्ली लाल पाण्यात टाकली.

"बाई, मंत्र राहिला की!" कुणीतरी खिदळलं.

जरा वेळाने बाईंनी मंत्राशिवायच किल्ली काढली. तांब्याची! दगडावर घासली, तर खाली लोखंडच चमकलं.

"नुसता मुलामा आहे. माझे वडील खाणीच्या पाण्यात लोखंडी भंगार टाकून असंच तांबं धरायचे. हे टाकाऊ दगडांचे ढीग बघा. यांना पाणी-वारा लागला की डोळ्यांना न दिसणारे जंतू दगडातल्या लोखंड-गंधकावर जगतात आणि त्यातून तेजाब तयार होतं. तेजाबात दगडातलं तांबं विरघळतं आणि पाण्यात लोखंड घातलं की त्यावर चढतं. लाल दिसतो तो लोखंडाचा गंज."

"विटाळलंत सगळं!" म्हणत कासियानोने बोचकं उचललं. त्याला अडवायला कुणी धजलं नाही.

बाईंनी हळूच विचारलं, "आजी, तुमच्या मेंढ्या पितात का हे पाणी?"

"छे गं! काठीने हाकलते. मरतात त्याने..." आजी बोलता बोलता थांबली आणि शालीत तोंड लपवून मटकन खाली बसली.

तिला बोल कसा लावणार? मेंढ्या तर आम्ही सगळेच हाकलत होतो.

शहरातल्या डॉक्टरांनी रेमिखियाचा डोळा वाचवला, पण त्यावर धूसर पडदा राहिलाच. ती समोर आली की आमची नजर आजही जमिनीकडे जाते. म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला, तर भक्तीआधी एवढंच विचारा: हे मी माझ्या जनावराला पाजलं असतं का?