वाचून आलेलं इंग्रजी

पत्र आलं तेव्हा इस्त्रीताई रुग्णालयाच्या धुलाई विभागात ऑपरेशनच्या हिरव्या चादरींना घड्या घालत होती. पत्र इंग्रजीत होतं. शिपायाने विचारलं, "वाचून दाखवू का?" ती म्हणाली, "नको, माझं मला येतं."

तिने उभ्या उभ्या वाचलं. भांडार लेखनिकाच्या परीक्षेत तिच्या आणि भाभीच्या उत्तरपत्रिकांमध्ये एकसारखे अवघड शब्द सापडले होते. प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचा संशय होता. गुरुवारी अकरा वाजता दोघींनी आस्थापना साहेबांसमोर हजर राहायचं होतं.

भाभी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरची. घरात हिंदी बोलणारी, विभागात मराठी. भांडाराच्या जागेसाठी इंग्रजीचा पेपर द्यावा लागणार हे कळलं, तेव्हा बाकीच्या बायांनी कपाळाला हात लावला. या दोघींनी मात्र कपाटांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांच्या खोलीतली इंग्रजी वर्तमानपत्रं जुनी झाली की कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला खाली येत. अंथरण्याआधी ती वाचायची, असं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत एक बातमी, तिच्यातले पाच शब्द. भाभीच्या दिराचा एक जाडजूड इंग्रजी-हिंदी शब्दकोश होता. भाभी हिंदीत अर्थ सांगे आणि इस्त्रीताई तो मराठीत वहीत उतरवी.

त्यातही गंमत होई. एका शब्दापुढे हिंदीत 'चेष्टा' लिहिलेलं होतं. 'एंडेव्हर' म्हणजे टिंगलटवाळी, असं इस्त्रीताईने आठवडाभर पाठ केलं. मग एका बातमीत सरकारचं एंडेव्हर काही केल्या जुळेना. भाभी हसून हसून बेजार झाली. "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. प्रयत्न."

दोन वर्षं हे चाललं. नवरा बस चालवायचा. तो म्हणे, "पेपरात वाचून कधी कुणी गाडी शिकलंय का?" ती म्हणे, "तुम्ही गाडी चालवा. मी वाचते."

बुधवारी संध्याकाळी भाभी रडवेली झाली. "माझा नवरा म्हणतो, माफी माग नि मोकळी हो. नोकरीवर गदा नको."

"माफी कशाची?" इस्त्रीताई म्हणाली. "चोरी केलीस का?"

"नाही."

"मग उद्या नीट जेवून ये. उपाशीपोटी भांडता येत नाही."

गुरुवारी आधी इस्त्रीताईला आत घेतलं, भाभीला बाहेर बसवलं. साहेबांच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, परीक्षेचा पेपर काढणाऱ्या. साहेबांनी उत्तरपत्रिकेवर बोट ठेवलं.

"हे शब्द तुमचे नाहीत."

"मग कुणाचे आहेत साहेब?"

"तुम्ही धुलाईत काम करता."

"सोळा वर्षं."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. प्रश्न आधी कळले होते, म्हणून मी स्वेच्छेने माघार घेते, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं. "सही करा. पुढची कारवाई होणार नाही."

तिने कागद सावकाश वाचला आणि तसाच परत सरकवला. "स्वेच्छेने म्हणजे माझ्या इच्छेने ना? माझी तर इच्छा नाही."

साहेबांचा आवाज चढला. साहेबांच्या कोपराशी त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं. तिने ते बोटाने दाखवलं.

"हे आज पहाटे छापलंय. हे तर आधी फुटलं नाही ना? यातलं द्या कुठलंही."

साहेब काही बोलायच्या आत बाईंनीच पान उलटून दिलं. जुनी इमारत कोसळल्याची बातमी होती. इस्त्रीताई वाचू लागली. शब्दाशब्दाला अडखळत, पण थांबली नाही. "डेब्रिस," ती म्हणाली, "म्हणजे पडझडीचा ढिगारा." पुढे आलं "इंडिक्ट". "आरोप ठेवणं. बिल्डरवर ठेवलाय. आणि आमच्यावर तुम्ही."

साहेब हसले. "डेब्री. त्यातला एस उच्चारत नाहीत. आणि ते इंडाइट. एवढंही माहीत नाही?"

"नाही माहीत," ती म्हणाली. "सांगणार कोण? आम्ही कागदावरचं वाचलं. कुणी पढवून पाठवलं असतं, तर तुमच्यासारखंच म्हटलं असतं."

बाईंनी तिला मागच्या खुर्चीत गप्प बसायला सांगून भाभीला बोलावलं आणि तेच पान दिलं. भाभीनेही अर्थ बरोबर सांगितले, अर्धे हिंदीत, आणि डेब्रिसच म्हणाली. मग कुणी न विचारताच तिने पिशवीतून दोघींच्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या. सात वह्या, प्रत्येक पानावर तारीख आणि पाच शब्द.

बाईंनी दोन वह्या सावकाश चाळल्या. उत्तरपत्रिकांमधले ते अवघड शब्द तिथे परीक्षेच्या कितीतरी आधीच्या तारखांखाली होते. "मी चाळीस वर्षं शिकवलं," त्या साहेबांना म्हणाल्या. "अशा वह्या मला फार थोड्या मुलांनी दाखवल्या."

"ठीक आहे," साहेब पुटपुटले. "जा तुम्ही."

भाभी उठली. इस्त्रीताई उठली नाही.

"आरोप लेखी आला होता साहेब. तो चुकीचा होता, हेही लेखी द्या. खाली सगळ्या बाया आम्हाला चोर समजतात."

"मिळेल."

"कधी?"

पत्र तीन आठवड्यांनी आलं, तेही दोनदा आठवण केल्यावर. तिने ते विभागाच्या दारावर चिकटवलं आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

जागा एकच होती. भाभीला चार गुण जास्त मिळाले. इस्त्रीताईला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. दोन दिवस ती भाभीशी जेमतेम बोलली. तिसऱ्या दिवशी स्वतःच भांडारात गेली आणि म्हणाली, "शब्दकोश तुझ्या घरी पडून राहणार असेल तर मला दे. पुढच्या वर्षी मी बसणारच आहे."

मग तिने इंग्रजीत अर्ज लिहिला. मोठ्या साहेबांचं वर्तमानपत्र जुनं होईपर्यंत वर न ठेवता दुसऱ्याच दिवशी धुलाई विभागात यावं, एवढीच मागणी. अर्ज परत आला. कडेला साहेबांच्या अक्षरात शेरा होता: कपाटांना ताजे कागद कशाला?

तिने त्याच्याच खाली लिहिलं, कपाटांना नकोत, आम्हाला हवेत. सही केली आणि अर्ज त्याच शिपायाच्या हाती पुन्हा वर धाडला.