कै. मथुराबाई यांच्या स्मरणार्थ

मी एक वॉकर. चार पाय, दोन मुठी, पुढे दोन आडवे दांडे, वजन अडीच किलो. माझ्यासारखे पुण्यात शेकड्यांनी असतील. पण माझ्या वरच्या दांड्यावर, म्हणजे माझ्या कपाळावरच म्हणा ना, निळ्या रंगात लिहिलंय : 'कै. मथुराबाई यांच्या स्मरणार्थ'. ते वाचून लोक भलतेसलते अर्थ काढतात. म्हणून म्हटलं, एकदाचं आपल्याच तोंडानं सांगून टाकावं.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथून एका दुकानात आलो, आणि दुकानातून तात्यारावांनी मला घरी नेलं. तात्याराव म्हणजे मथुराबाईंचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मथुराबाई घसरून पडल्या होत्या, मांडीचं हाड जोडून झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वॉकर धरून चाला, नाहीतर कायमच्या बसाल.

मी केवढ्या ऐटीत गेलो होतो त्या घरात! अंगावर कोरं प्लॅस्टिक, पायांत नवी रबरं. मथुराबाईंनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अहो, हे दाराआड ठेवा. शेजारच्या येतात, बघितलं तर म्हणतील, मथुरा म्हातारी झाली."

त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या.

मग दसऱ्यापासून चालते म्हणाल्या. मग दिवाळी होऊ दे. मग थंडी ओसरू दे. मी दाराआड उभा. माझ्यावर आधी टॉवेल वाळत पडला, मग दोन टॉवेल. प्लॅस्टिक कोणी काढलंच नाही. खरं सांगतो, तेव्हा मला वाटायला लागलं होतं की आपण टॉवेलासाठीच जन्माला आलो. कुणी तुम्हाला रोज दांडीसारखं वापरलं, की हळूहळू तुम्हालाही आपण दांडीच आहोत असं वाटायला लागतं. दोन वर्षांनी, फाल्गुनात, मथुराबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या पलंगावरून उतरल्या नाहीत आणि माझ्या मुठींना त्यांचा हात लागला नाही.

तेरावा झाल्यावर तात्यारावांनी माझं प्लॅस्टिक फाडलं, माझ्यावर बायकोचं नाव रंगवून घेतलं आणि मला पेठेतल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात देऊन टाकलं.

हे केंद्र म्हणजे एक लांबट खोली. खाटा, हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, सगळं लोकांना वापरायला देतात. बरं वाटलं की परत आणायचं. व्यवस्थापक दिगंबर, नाकावर चष्मा आणि जिभेवर लिंबू. भिंतीवर त्यांची पाटी आहे : 'साहित्य धुऊन परत आणावे. आमच्याकडे नळ आहे, नोकर नाही.'

तिथे मी अडीच वर्षं कोपऱ्यात काढली. लोक यायचे, माझ्याकडे हात न्यायचे, 'कै.' वाचायचे आणि हात मागे घ्यायचे. "नको बाई, हा नको. आमच्या आईंना आत्ता कुठे बरं वाटतंय." जसं काही मीच मथुराबाईंना वर पोचवून आलोय! मनातून मी पार खचलो होतो. दिगंबर तात्यारावांना म्हणायचे, "ते 'कै.' तेवढं पुसा हो. वॉकर पडून राहतोय." तात्याराव दर मंगळवारी केंद्रात येऊन सगळ्या वॉकरांचे स्क्रू आवळायचे, रबरं बदलायचे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाव राहू दे." कुणाच्या उपयोगी न पडताही दर मंगळवारी माझे स्क्रू आवळले जायचे. तेवढ्या एका माणसाच्या आशेवर मी तग धरला.

परवाच्या पावसाळ्यात एकदम पंधरा जण पडले. सगळे वॉकर गेले. मी एकटा उरलो. तेव्हा सलिल आला, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा, घाईतला. त्यानं वाचलं, "ओह शिट्" म्हणाला, आणि तरी मला गाडीत टाकून कर्वेनगरला घेऊन गेला.

त्याची आई मंदाकिनीबाई. एकाहत्तर वर्षांच्या, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. स्टुलावर चढू नका असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे त्या स्टुलावर चढल्या होत्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन छान झालं होतं. दवाखान्यात त्या वॉकर धरून चालल्याही होत्या, कारण तिथे ओळखीचं कोणी नव्हतं.

"आई, हा बघ, एकदम स्टर्डी आहे," सलिल म्हणाला. त्यानं वाटेत एक शहाणपणा केला होता. माझ्या कपाळावर चिकटपट्टी लावली होती.

मंदाकिनीबाईंनी नखानं एक टोक उचललं आणि सर्रकन पट्टी ओढली. वाचलं.

"सलिल, चिकटपट्टी लावून बाई परत येत नाही."

"आई, प्रॅक्टिकली बघ ना. नावानं काय होतं?"

"नोव्हेंबरात मला बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय. मी जिवंत आहे असं सांगायला कैलासवासी बाईंना धरून जाऊ?"

ज्यांच्या घरी पेन्शन येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण हयात आहोत हे बँकेला कळवावं लागतं. हल्ली ते मोबाइलवर होतं, घरीही माणूस येतो. सलिलनं तेही सुचवून पाहिलं. पण निवृत्त झाल्यापासून बाई दर वर्षी स्वतःच्या पायांनी बँकेत गेल्या होत्या. "ज्या वर्षी नाही गेले," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी समजा, मी नुसती कागदावर उरले."

आणि एवढं बोलून बाई पलंगावरच बसल्या! हे सगळं मी एकदा पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्यावर टॉवेल पडला.

दिवसभर बाईंजवळ भाग्यश्री असायची. भंडाऱ्याकडची पोरगी, वय पंचवीस, आजारी माणसांची सेवा करून पोट भरणारी. तिनं टॉवेल उचलला. "काहून उठत नाही जी आजी? डॉक्टरसाहेबांनी रोज चाला म्हणलं."

"त्याच्यावर मेलेल्या बाईचं नाव आहे."

"माह्या आजीच्या लुगड्याची गोधडी घेऊन झोपते मी. मेलेल्या माणसाची वस्तू ऊबच देते जी."

तरी बाई उठल्या नाहीत. उलट केंद्रात फोन लावला. "असलं साहित्य रुग्णाच्या घरी पाठवता? वॉकर बदलून द्या. आणि देणाऱ्याला जरा समज द्या."

"समज द्यायला त्यांनाच पाठवतो," दिगंबर म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तात्याराव आले. हातात एक दुसरा वॉकर, नुकताच परत आलेला, कपाळ कोरं असलेला. मला वाटलं, संपलं. चला पुन्हा कोपऱ्यात.

तात्याराव म्हणाले, "हा घ्या. तुमचं बरोबर आहे. तो मी घेऊन जातो." आणि मला उचलता उचलता थांबले. "फक्त एक सांगू का? माझी बायको हा धरून गेली असं लोकांना वाटतं. तिनं याला हातच लावला नाही हो. लाजेपायी. आणि मी? ती हिरमुसेल म्हणून मी कधी आग्रह धरला नाही. पाणी हातात, चहा हातात, ताट पलंगावर. मला वाटायचं, मी तिची सेवा करतोय. मीच तिला बसवली."

मंदाकिनीबाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं, फळ्यावरचं गणित चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

"चुकलंच तुमचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि त्यांचंही."

"हो. पण ते तिला सांगता येत नाही आता. म्हणून नाव ठेवलंय. घरात नाही चालली, निदान तिचं नाव तरी कुणाबरोबर चालावं, एकदा बघावं, एवढंच मनात होतं. जाऊ दे." त्यांचे डोळे भरून आले होते.

बाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला. मग त्यांनी कोऱ्या वॉकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि भाग्यश्रीला म्हणाल्या, "यापुढे टॉवेल घाल दोरीवर. तो कोरा यांच्याबरोबर परत जाऊ दे. आणि हा इकडे आण."

माझ्या मुठींवर पहिल्यांदा कुणाचे हात पडले. गार होते, आणि इतके घट्ट होते की मला माझी किंमत त्या क्षणी कळली. अडीच किलोचा मी, पण एक अख्खं माणूस माझ्यावर भार टाकून उभं राहिलं.

त्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं. परत येताना बाई रडल्या, दुखण्यानं आणि रागानंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. भाग्यश्री दहावीला गणितात राहिली होती आणि बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणत होती. बाईंनी तिला ठणकावलं, "तू मला चालव, मी तुला पास करते." मग काय, माझ्या प्रत्येक ठोक्यावर पाढा! एकोणतीसच्या पाढ्यात भाग्यश्री अडखळली की बाईही थांबायच्या. "चुकलीस. मी एका पायावर उभी आहे, लवकर आठव." कोणाचा आधार कोणाला, मला काही कळेनासं झालं. सज्जात जायला बाईंना पंधरा दिवस लागले. तिथून समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन बायका बघतात. पहिल्या दिवशी बाई मान खाली घालून चालल्या. चौथ्या दिवशी त्यांनी वर बघून विचारलं, "काय, दिसतंय ना नीट? की जवळ येऊ?" समोरचे तिन्ही पडदे ओढले गेले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी तात्यारावांना फोन केला. "उद्या अकरा वाजता बँकेच्या दारात उभे राहा. नाव चाललेलं बघायचंय म्हणाला होतात ना?"

जिना अठरा पायऱ्यांचा. बाई कठड्याला धरून उतरल्या, दुखरा पाय आधी, आणि मला भाग्यश्रीनं उचलून घेतलं. खाली रस्ता. खड्डे, फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या, उलट्या दिशेनं येणारा एक महाभाग. त्याला बाईंनी मला आडवा घालून थांबवलं. चारशे पावलांची वाट, आम्हाला पाऊण तास लागला. दोनदा बाई म्हणाल्या, "नाही जमत गं." दोनदा भाग्यश्री म्हणाली, "एकोणतीस साते?"

बँकेच्या दारात तात्याराव उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही जवळ येत होतो तसे ते माझ्या कपाळाकडे बघत होते. निळी अक्षरं वरखाली होत पुढे येत होती. ते पुटपुटले, "आलीस गं मथे." आणि त्यांनी रुमाल काढला. बाईंनी न पाहिल्यासारखं केलं.

आत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? घरी माणूस आला असता."

"त्याला मी बसलेली दिसले असते," बाई म्हणाल्या. "सही कुठे करू?"

रांगेतल्या एका गृहस्थानं माझ्यावरची अक्षरं वाचून बाईंकडे दचकून पाहिलं. बाई म्हणाल्या, "त्या मथुराबाई. मी मंदाकिनी. दाखला माझा आहे."

संक्रांतीनंतर बाई काठीवर आल्या आणि मला परत करायला स्वतः केंद्रात आल्या. मला धुतलं होतं, पुसलं होतं, आणि खालच्या दांड्यावर रंगाऱ्याकडून नव्या दोन ओळी लिहून आणल्या होत्या :

'वरचे वाचून घाबरू नये. हा धरून मी चालले. — मंदाकिनी, हयात.'

दिगंबरांनी चष्मा वर करून वाचलं. "केंद्राच्या साहित्यावर लिहायची परवानगी घेतली होतीत?"

"नाही. पुसा."

त्यांनी पुसलं नाही. मला कोपऱ्यातून काढून दाराशी ठेवलं. मंगळवारी तात्याराव आले, त्या दोन ओळी वाचल्या, आणि माझे सगळे स्क्रू घट्ट असूनही पुन्हा एकदा आवळले.

तर अशी माझी कथा. तुमच्या घरी दाराआड माझा एखादा भाऊबंद प्लॅस्टिकात उभा असेल, तर त्याच्यावरचा टॉवेल तेवढा काढा. दसऱ्याची वाट बघू नका. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला सगळंच हातात नेऊन देऊ नका. जरा रागावू दे तुमच्यावर, पण उठू दे.

थांबा, मला गिऱ्हाईक आलेलं दिसतंय. मांजरी गावचे ज्ञानदेव आहेत, उसाच्या बांधावरून पडलेले. मुलगा दंडाला धरून घेऊन आलाय आणि म्हातारा दारातच अडून बसलाय. "म्या न्हाय धरनार असलं कायबी. मेलेल्या बाईचं हाय ते."

मुलगा खालच्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हातारा जरा वाकून बघतो. "ही मंदाकिनी बाई अजून हाय व्हय?"

"विचारतो," दिगंबर म्हणतात आणि फोन लावतात. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येतो.

"आहे म्हणावं! आणि त्यांना सांगा, आधी वॉकर, मग दुखरा पाय."

ज्ञानदेव डोक्याची टोपी नीट करतात आणि माझ्याकडे हात पुढे करतात.