आत्याबाई गप्प झाली

घर सोडायची वेळ आली की काही माणसांना दुरुस्तीची खाज सुटते. वर्षानुवर्षं गळणाऱ्या नळाकडे आणि करकरणाऱ्या दाराकडे ज्यानं ढुंकून पाहिलं नाही, तोच शेवटच्या आठवड्यात हातात पाना घेऊन घरभर फिरू लागतो. धाकट्याचं तसंच झालं होतं. त्याची बदली झाली होती, तो बायकोला घेऊन दूरच्या शहरात निघाला होता, आणि त्याची थोरली बहीण या घरात एकटी राहणार होती.

ताईला जन्मापासून दिसत नव्हतं. या गोष्टीचं तिच्यापेक्षा बाकीच्यांनाच जास्त वाटायचं. "मी येणार नाही," तिनं बदलीची बातमी ऐकली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "माझं काम इथं आहे, आणि या घराचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. तुम्ही दोघं सुखानं जा." धाकट्यानं विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला शोभत नाही तरी रुसूनही पाहिलं. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "अरे, राहू दे त्यांना. त्यांचं तुझ्यावाचून अडत नाही. तुझंच त्यांच्यावाचून अडतं." हे खरं होतं, म्हणून त्याला ते आवडलं नाही.

ताईचं काम साधं नव्हतं. एका इस्पितळातले डॉक्टर रोग्यांच्या नोंदी बोलून ठेवायचे आणि ताई त्या ऐकून टाइप करून द्यायची. डाव्या कानात डॉक्टर, उजव्या कानात आत्याबाई, पायाखाली डॉक्टरांना थांबवायचं पेडल. आत्याबाई म्हणजे कॉम्प्युटरवर जे काही असेल ते वाचून दाखवणाऱ्या जुन्या प्रोग्रामचा आवाज. पत्र्याच्या पिंपात बसून कुणीतरी नाकातून बोलावं तसा होता. धाकट्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिनं तो ऐकला आणि म्हणाली, "ही तर हुबेहूब आमची आत्याबाई! दुसऱ्याला एक शब्द बोलू देत नाही." तेव्हापासून ते नावच पडलं. ताई आत्याबाईला इतकं पळवायची, की बाजूला उभ्या असलेल्या माणसाला डब्यात खडे हलवल्यासारखी नुसती खडखड ऐकू यायची. त्या खडखडीतून ताई एकेक अक्षर वेचायची, आणि इस्पितळात तिच्याएवढं भरभर आणि बिनचूक काम डोळस माणसांकडूनही होत नव्हतं.

या घरात ताईचा एकच नियम होता. माझ्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही. मॉनिटर तर तिला लागतच नव्हता, तो जुन्या उशीच्या अभ्र्याखाली झाकलेला असायचा.

त्या दिवशी दुपारी बायको ताईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. धाकट्यानं नळाला वायसर घातला, दाराच्या बिजागरीत तेल सोडलं, आणि मग त्याची नजर त्या अभ्र्यावर गेली. जाण्याआधी हेही एकदा बघून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मॉनिटर पुसला, चालू केला, आणि कोपऱ्यातली पिवळी पाटी त्याच्या डोळ्यांत भरली. महत्त्वाचे अपडेट बाकी आहेत. तपशील उघडून पाहिला तर अपडेट बंदच करून ठेवलेले. धाकट्याला गलबलून आलं. बिचारीला हे दिसणार तरी कसं? किती दिवस ही पाटी इथं लागून असेल, आणि आपण शेजारच्या खोलीत झोपा काढत होतो!

दयेचं एक वाईट असतं. ती आली की माणूस विचारायचं विसरतो. अपडेट आपोआप बंद होत नसतात, ते कुणीतरी मुद्दाम, शोधून बंद करतं, हे धाकट्यासारख्या हापिसात जन्म घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण डोळे असलेल्याला वाटतं, जे आपल्याला दिसतं ते तिला ठाऊकच नसणार.

त्यानं अपडेट सुरू केला. मशीन म्हणालं, जागा कमी आहे. त्यानं नको असलेल्या फाइली काढून जागा केली. मशीन बंद झालं, चालू झालं, पुन्हा बंद झालं. अखेर नवंकोरं चित्र स्क्रीनवर आलं तेव्हा धाकट्याला स्वतःचाच अभिमान वाटला. मग मशीननं आणखी एक विचारलं: मागच्या आवृत्तीच्या जुन्या फाइली काढून टाकायच्या का? त्यानंतर मागे जाता येणार नाही. मागे कुणाला जायचंय, असं मनाशी म्हणत धाकट्यानं 'हो' दाबलं, मॉनिटरवर अभ्रा नीट घातला आणि चहा टाकला.

ताई बधिर झालेला गाल चोळत आली आणि थोड्या वेळानं कामाला बसली. तिनं हेडफोन चढवला, एक कळ दाबली, थांबली. पुन्हा दाबली. हेडफोनची वायर चाचपून पाहिली.

"वीज गेली का रे?"

"नाही गं."

"मग आत्याबाई का बोलत नाही?"

धाकटा दारात उभा होता. "अगं, मी जरासा अपडेट केला. बरेच दिवस राहिला होता," तो म्हणाला. अजून त्याचा चेहरा शाबासकीसाठीच तयार होता.

ताईनं हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

त्यानं सांगितलं. फक्त शेवटचं 'हो' त्याला सांगण्याजोगं वाटलं नाही. मग तिनं त्याला शेजारी बसवलं, मॉनिटर उघडायला लावला आणि वाचायला सांगितलं.

"हा प्रोग्राम... सुरू होऊ शकत नाही. आवश्यक घटक... सापडला नाही."

"कुठला घटक? नाव वाच. आणि जरा भरभर वाच, बाराखडी शिकतोयस का?"

लांबलचक नाव होतं, अक्षरं आणि आकडे यांची खिचडी. ताईनं ते ऐकताक्षणी ओळखलं. नव्या आवृत्तीनं आत्याबाईचा तो भाग जुना आणि निरुपयोगी म्हणून काढून फेकला होता. "हरकत नाही," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये जा. पूर्वस्थिती असं काही दिसतंय? त्यात मागच्या आवृत्तीवर परत जायचं बटण असेल."

"आहे. पण फिकट आहे. दाबलं जात नाही."

"का म्हणतंय?"

धाकट्यानं ते मनातल्या मनात वाचलं. त्याचे कान तापले.

"अरे, वाच ना!"

"मागच्या आवृत्तीच्या फाइली काढून टाकलेल्या आहेत, असं म्हणतंय."

"कुणी काढल्या?"

घरात तिघंच राहत होती, आणि त्यातल्या दोघी दाताच्या दवाखान्यात होत्या. ताईनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती उठली, कपाटाचा खालचा खण उघडला आणि हात न अडखळता एक जुनी सीडी काढून आणली. आत्याबाई मुळात त्या सीडीतून आली होती. जुने घटक चालू करण्याची जागा कुठं असते, कशावर खूण करायची, काय सोडून द्यायचं, हे सगळं तिनं तोंडी सांगितलं आणि धाकट्यानं निमूटपणे केलं. हरवलेला घटक परत आला. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. धाकट्याची बायकोही ओले हात पदराला पुसत मागं येऊन उभी राहिली.

"भरली!" धाकटा ओरडला. "आता परवाना तपासतोय, असं आलंय."

स्क्रीनवर एक चाक गरगरत राहिलं. मग तेही थांबलं.

"सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही," धाकट्यानं वाचलं. "नेट गेलं असेल. पुन्हा करू?"

"किती वेळा केलंस तरी होणार नाही. ती कंपनी केव्हाच बुडाली. परवाना देणारं तिथं कुणी उरलेलं नाही. या मशीनला तो पूर्वीच मिळालेला होता, म्हणून ती चालत होती. म्हणून तर म्हणायचे, हात लावू नका."

"मग हे कारण सांगायचं होतंस ना, ताई!"

"लावू नको म्हटलं होतं," ताई म्हणाली. "तेवढं पुरायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो भला माणूस होता. त्यानं जुनी आवृत्ती घालून पाहिली, सीडी पुन्हा चालवून पाहिली, आणि दर वेळी ते चाक त्याच जागी येऊन थांबलं. ताईनं आपल्या अंधशाळेतल्या मैत्रिणींना फोन लावले. दोघीतिघींकडे आत्याबाई अजून होती, पण प्रत्येकीच्या मशीनवर तिची एकेकच चालती प्रत, आणि ती तिथून उचलून देता येत नव्हती. शेवटी दुरुस्तीवाल्यानं नवा प्रोग्राम घातला. नवी बाई गोड होती. वाक्याच्या शेवटी ती हलकेच श्वाससुद्धा घ्यायची.

"किती छान बोलते!" धाकटा म्हणाला. "अगदी माणसासारखी."

"तेच तर," ताई म्हणाली. "माणसासारखी आहे, म्हणून पळत नाही."

तिनं पळवून दाखवली. वेग वाढला तसा त्या गोड आवाजाचा लगदा होत गेला. आत्याबाईचं प्रत्येक अक्षर टोचायचं, या बाईची अक्षरं एकमेकांत विरघळत होती. त्यात डाव्या कानात डॉक्टर बोलू लागले, की दोन्ही मिळून नुसता कालवा व्हायचा. ताईनं हार मानली नाही. दिवसभर ती टेबलापाशी बसून राहायची. पेडल दाबायची, मागे जायची, पुन्हा ऐकायची. पूर्वी चहा निवायच्या आत जी नोंद व्हायची, तिला आता अख्खी सकाळ जाऊ लागली. धाकट्याची बायको जेवायला हाक मारायची आणि ताई म्हणायची, "एवढं एक संपवते." ते एक संपायचं नाही. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटलं तरी ताक घशाखाली उतरावं लागतं.

सामानाची खोकी दारापाशी रचून झाली, त्या सकाळी ताईनं इस्पितळातल्या मुख्य बाईंना फोन केला. "माझ्याकडून आता वेळेत होणार नाही. दुसरं कुणी बघा," ती म्हणाली. बाईंनी समजूत घातली असावी, कारण ताई बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिली. फोन ठेवून ती तशीच बसली. पाय अजून पेडलवर होता.

धाकटा खोकी बांधत होता. त्याला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं, पण त्याच्या खालून आणखी एक गोष्ट वर आली. आता ती इथं एकटी राहणार नाही. आता ती आपल्याबरोबर येईल. सुंठीवाचून खोकला गेला. हे त्यानं मनात आणलं नाही, ते आपसूक आलं, आणि आलं तेव्हा त्याला बरं वाटलं.

"छोट्या," ताई म्हणाली. सगळ्या जगात त्याला या नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली होती. "श्वास सोडलास."

"कुठं काय?"

"सुटल्यासारखा सोडलास."

बहिणीपासून त्याला कधी काही लपवता आलं नव्हतं. चेहरा सांभाळून काय उपयोग, ती चेहरा बघतच नव्हती.

"मुद्दाम केलंस का रे?"

"नाही गं ताई! तुझी शपथ, नाही. मला खरंच वाटलं, की तुला..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं." मग तिनं पेडलची वायर काढली, नीट गुंडाळली आणि त्याच्या दिशेनं पुढं केली. "हेही घाल त्या खोक्यात. येते मी."

नव्या शहरातलं घर प्रशस्त होतं. धाकट्यानं खिडकीची खोली ताईला दिली. खिडकीचा तिला काय उपयोग, हे त्याच्या बायकोनं विचारलं नाही. ती हल्ली त्याला फारसं काही विचारत नसे. ताईनं भिंती चाचपून घर पाठ करायला घेतलं, पण पहिल्यासारखी घाई त्यात नव्हती. तिला आता कुठं पोचायचं नव्हतं. ती कधी चिडली नाही, टोमणा मारला नाही, वाढलेलं जेवली, विचारलेल्याचं उत्तर दिलं. एवढी गरीब ताई धाकट्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. एकदा तरी तिनं आपल्यावर खेकसावं म्हणून तो मुद्दाम तिची चप्पल दुसरीकडं ठेवायचा, आणि ती मुकाट्यानं अनवाणी चालायची.

कॉम्प्युटर त्यानं टेबलावर मांडून दिला होता. संध्याकाळी ती त्याच्यावर बातम्या ऐकत बसायची. गोड बाई माणसाच्या चालीनं वाचायची, मध्येच श्वास घ्यायची. ताई हेडफोन लावत नसे. डाव्या कानात आता डॉक्टर नव्हते, तसं उजवाही झाकायचं कारण नव्हतं. पेडल मात्र टेबलाखाली होतं. कशालाही न जोडलेलं, तरी तिचा पाय सवयीनं त्याच्यावर असायचा.

एका संध्याकाळी धाकटा हापिसातून आला तेव्हा बातम्या मध्येच थांबल्या. "नवीन अपडेट उपलब्ध आहे," गोड बाई म्हणाली. "आता करायचा का?"

ताईचे हात मांडीवर होते. ते कळांकडे गेले नाहीत. तिनं मान त्याच्या पावलांच्या दिशेनं वळवली.

"छोट्या, विचारतेय ती. करू का?"

धाकट्यानं तिच्या आवाजात चेष्टा शोधली. टोमणा शोधला. जुना राग कुठं चिमूटभर तरी उरला असेल म्हणून कान देऊन ऐकलं. त्यात काही नव्हतं. ती खरोखरच विचारत होती.

"तू ठरव ना, ताई," तो कसाबसा म्हणाला. "तुझं मशीन आहे."

"नको रे बाबा," ताई म्हणाली. "तू सांगशील तसं."