सालामिसच्या वल्हेकऱ्याची गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. मेंढीच्या कातड्याची, आत लोकर भरलेली, तळाला चरबी चोळलेली. अथेन्सच्या युद्धनौकेवर प्रत्येक वल्हेकरी आपले वल्हे आणि आपली गादी घरूनच घेऊन येतो. गादी नसेल, तर फळीवर घासून कातडी सोलून निघते.

माझा मालक आर्खिप्पस. मला त्याच्या लेकीने, मिर्टोने शिवले. शिवण वाकडी गेली तेव्हा तो हसत सुटला.

"पोरी, ही शिवण आहे की दारुड्याची वाट?"

"मग नका बसू, बाबा. उघड्या फळीवर बसा!"

तो बसला. वर्षानुवर्षे माझ्यावरच बसला.

मग पर्शियाचा राजा चालून आला. अथेन्स रिकामे झाले. बायका-मुलांना समोरच्या सालामिस बेटावर नेले आणि तिथूनच त्यांनी आपल्या घरांचा धूर पाहिला.

लढाईच्या सकाळी अरुंद खाडीत शत्रूची इतकी जहाजे शिरली, की माणसे म्हणू लागली, पाणीच दिसेना. मला डोळे नाहीत. मी अंगाने ऐकते. आमच्या एका जहाजाने रणगीत उचलले, मग दुसऱ्याने, मग साऱ्या खाडीने, आणि बेटाच्या कड्यांनी ते परत दिले. माझ्यावर बसलेला आर्खिप्पस थरथरत होता. तो शांत झाला. सगळी वल्ही एकदम पाण्यात गेली. मित्रांनो, एवढी माणसे एका श्वासाने ओढतात, तेव्हा लाकूडसुद्धा जिवंत होते.

दुपारी एक बाण आला. आर्खिप्पस कलंडून समुद्रात पडला. लढाई आम्ही जिंकली. तो सापडला नाही.

शेजारच्या फळीवरच्या कोमॉनने मला बेटावर मिर्टोकडे आणले. त्याची स्वतःची गादी लाटेने नेली होती.

आमच्यात मानतात, ज्याला माती मिळत नाही, त्याला मृतांची नदी ओलांडता येत नाही, तो काठीच ताटकळत राहतो. मिर्टोला बापाला माती द्यायची होती, आणि तिच्या हाती फक्त मी होते.

तिची आत्या म्हणाली, "गादीला कुणी माती देतं का गं? आणि हा कोमॉन उद्या कशावर बसणार? जहाजं पुन्हा शत्रूच्या मागे निघालीत."

"बसेन फळीवर, आत्याबाई," कोमॉन घाईने म्हणाला. "माझं ढुंगण बैलाच्या कातड्याचं आहे."

मिर्टो किंचित हसली. "बाबाही असंच म्हणायचे. मग रात्रभर पालथे झोपायचे."

तिने सुरी घेऊन ती वाकडी शिवण उसवली. बापाच्या घामाने घट्ट झालेली लोकर मूठमूठ बाहेर काढली. अर्धी स्वच्छ कापडात गुंडाळून पुरली, वर तेल आणि मध ओतला, आणि समुद्राकडे तोंड करून बापाला तीनदा नावाने हाक मारली. उरलेल्या लोकरीत नवी मिसळून तिने मला पुन्हा शिवले. आता तिचा हात बसला होता. शिवण सरळ आली असती. तिने ती मुद्दाम वाकडी घातली.

मित्रांनो, विजयस्तंभ लोक जपतातच. तुम्ही घरातली एखादी वाकडी शिवण जपा. जुनी लोकर फेकू नका. नवी तिच्यात मिसळा.

कोमॉन माझ्यावर बसला आहे. गाणे सुरू झाले आहे. माझी अर्धी लोकर मातीत आहे, अर्धी पाण्यावर. आणि आर्खिप्पस, मला वाटते, दोन्हीकडे.